प्रश्नावली घेऊन गावात जाण्याआधी

प्रति,
मा. कुलगुरू,
संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती

सन्माननीय कुलगुरू,

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० लागू झाल्यापासून पदवीच्या अभ्यासक्रमात ‘फील्ड प्रोजेक्ट’ आला. समाजसहभागाच्या उपक्रमालाही श्रेयांक मिळू लागले. अमरावती, अकोला, वाशिम, यवतमाळ आणि बुलढाणा या पाच जिल्ह्यांतली मुलंमुली आता दरवर्षी वही-पेन घेऊन गावात उतरणार. गावाचा अभ्यास करायला निघालेली एवढी मोठी तरुण फौज वऱ्हाडाने क्वचितच पाहिली असेल. ही संधी वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

ती वाया कशी जाते, हे राज्यातल्या कुठल्याही प्राध्यापकाला ठाऊक आहे. छापील प्रश्नावली तयार असते. घरात माणसं किती, शेती किती, शौचालय आहे का, योजनेचा लाभ मिळाला का, मातृभाषा कोणती. सकाळी गाडी निघते, दुपारी रकाने भरले जातात, शाळेसमोर एक सामूहिक छायाचित्र निघतं आणि संध्याकाळी सगळे परत. महिन्याभरात टक्केवारीचे तक्ते असलेला अहवाल बांधून तयार होतो. तो ज्या गावावर लिहिला, त्या गावाला मात्र तो कधी दिसत नाही.

सांस्कृतिक मानववंशशास्त्राने गावात जाण्याची निराळी रीत गेली शंभर-सव्वाशे वर्षं घडवली आहे. माणसांत राहायचं, त्यांच्या भाषेत ऐकायचं, जे सांगितलं जातं आणि जे केलं जातं ते दोन्ही पाहायचं, रोज लिहायचं आणि पुन्हा पुन्हा यायचं. ही रीत पदवीच्या मुलांना शिकवता येते, आणि ती बुलढाणा जिल्ह्यात का शिकवली पाहिजे याला कारण आहे. एका तालुक्यापुरतं बोलायचं, तर तो तालुका जळगाव जामोद.

उत्तरेला सातपुड्याचा पायथा, दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, मधे पऱ्हाटी, सोयाबीन आणि तुरीची वावरं. नकाशावर हा तालुका एका टोकाला दिसतो. पण भाषांचा अभ्यास करणाऱ्यांना जगभर त्याचं नाव माहीत आहे, कारण तिथे आणि शेजारच्या डोंगरकडेच्या गावांत निहाली बोलली जाते. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा, वसाली, चिचारी या गावांत मिळून ती बोलणारे दोन-अडीच हजार लोक असतील, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बोलणारे स्वतः तिला कल्टो म्हणतात. शेजारची कोरकू मुंडा कुळातली, मराठी आणि हिंदी आर्य कुळातल्या. निहाली मात्र कुठल्याच ज्ञात कुळात बसवता आलेली नाही. जगात अशा एकाकी भाषा मोजक्या आहेत. युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांच्या यादीत निहालीची नोंद आहे.

या भाषेविषयी आणि ती बोलणाऱ्यांविषयी जे लिहिलं गेलं, तो सगळा इतिहास म्हणजे क्षेत्रकार्याच्या पद्धतीचा धडा आहे.

इंग्रजी अमदानीत निहालांची ओळख मुख्यतः महसूल आणि पोलिसांच्या कागदांतून झाली. डोंगरातले लुटारू म्हणून त्यांचं नाव भिल्ल आणि कोळ्यांच्या जोडीने घेतलं जाई. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत निहाल म्हणजे बहुधा भिल्ल आणि कोरकूंच्या मिश्रणातून झालेली जमात, असं नमूद झालं. त्याआधी १९०६ मध्ये ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड निघाला होता. त्यात स्टेन कोनोव यांनी निहालीची दखल घेतली आणि तिला मुंडा भाषांच्या सोबत ठेवलं. या सर्वेक्षणाची पद्धत अशी की ठरलेला एक उतारा आणि शब्दांची ठरलेली यादी जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायची आणि सरकारी यंत्रणेमार्फत भाषांतर करून मागवायची. एवढ्या अवाढव्य देशाच्या भाषा एका माणसाच्या देखरेखीखाली नोंदवल्या गेल्या, ही त्या कामाची थोरवी खरीच. पण ज्या माणसाच्या तोंडून भाषा निघाली, तो कागदावर कुठेच उरला नाही. त्याचं गाव, त्याचं वय, समोर बसलेल्या अंमलदाराशी त्याचं नातं, काहीच नोंदवलं गेलं नाही.

सुधीभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष बोलणाऱ्यांकडून नोंदी घेतल्या आणि १९५७ साली आपली टिपणं छापली. त्यानंतर पाच वर्षांनी डच विद्वान कायपर यांचं निहालीवरचं पुस्तक ॲमस्टरडॅममध्ये निघालं. हाती आलेल्या शब्दांची त्यांनी अत्यंत बारकाईने छाननी केली आणि सुमारे पाव हिस्सा शब्दांचं मूळ कोणत्याही शेजारी भाषेत सापडत नाही, हे दाखवून दिलं. हे त्यांचं मोठं काम. मात्र त्याच अभ्यासात त्यांनी एक शंकाही मांडली की ही एखाद्या टोळीने परक्यांपासून लपण्यासाठी घडवलेली गुप्त बोली असू शकेल. ही शंका पुढे कित्येक वर्षं निहालीच्या नावाला चिकटून राहिली. लुटारू म्हणून कागदोपत्री आधीच बदनाम असलेल्या जमातीची भाषाही आता संशयित ठरली.

इथे पद्धतीचा प्रश्न उभा राहतो. एखादी बोली गुप्त आहे की घरातली, हे शब्दांची यादी पाहून ठरवणं कठीण असतं. चोरबोली ही सहसा दुसऱ्या भाषेच्या व्याकरणावर बसते. तिची क्रियापदं, तिचे प्रत्यय उसने असतात. आणि तिच्यात आई लेकराला झोपवत नाही. हे पाहायचं तर वस्तीत बसावं लागतं. आजी नातवाशी काय बोलते, भांडण कोणत्या भाषेत होतं, अंगणात खेळणारी मुलं एकमेकांना कशी हाक मारतात, हे ऐकावं लागतं. पुढच्या अभ्यासकांनी तेच केलं. आशा मुंडले यांनी गोळा केलेला निहालीचा शब्दसंग्रह १९९६ साली प्रसिद्ध झाला. निहाल कोण आणि ते काय बोलतात, या प्रश्नावरचा त्यांचा लेखही त्याच वेळी आला. के. एस. नागराज यांचं निहालीवरचं पुस्तक २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने काढलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी बोलणाऱ्यांचे आवाज आणि चित्रफिती नोंदवण्याचं काम हाती घेतलं. स्वतःची सर्वनामं, स्वतःची क्रियापदरूपं आणि रोजच्या जगण्याचे स्वतःचे शब्द असलेली ही घरातली भाषा आहे, हे या कामांतून दिसून आलं. कोनोव यांच्या खंडापासून नागराज यांच्या पुस्तकापर्यंत १०८ वर्षं गेली.

आणि हे सगळं बहुतेक भाषेपुरतं झालं. निहालांची सोयरीक कुठे होते, कोरकूंशी त्यांचं रोजचं नातं कसं आहे, मजुरीचा हंगाम कुठे जातो, देव कोणते, मुलं शाळा कोणत्या वर्गात सोडतात, दवाखान्यात त्यांच्याशी कोण कसं बोलतं, यांवर सलग आणि भरवशाचं लिखाण त्या मानाने फार थोडं आहे. ते काम अमरावतीच्या विद्यापीठाचं आहे. हा तालुका त्याच्याच कक्षेत येतो.

सरकारी कागदांत तर निहाल दिसेनासाच होतो. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत त्याचं नाव कोरकूंच्या नोंदीत, बोपची, मवासी, नाहुल यांच्या रांगेत आहे. भाषेचं त्याहून वाईट. २०११ च्या जनगणनेत देशभरातल्या लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं १९,५६९ भरली. छाननीनंतर त्यांतल्या १,३६९ मातृभाषा ओळखल्या गेल्या आणि दहा हजारांहून जास्त बोलणारे असलेल्या १२१ भाषांचेच आकडे स्वतंत्रपणे छापले गेले. दोन-अडीच हजारांची भाषा या जाळीतून गळून पडणारच. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. त्या वेळी तरी निहालांच्या दारात बसून प्रश्न विचारणारा माणूस हा प्रश्न नीट विचारेल का, हे बऱ्याच अंशी त्याला तो विचारायला कुणी शिकवलं आहे का यावर अवलंबून आहे.

‘मातृभाषा कोणती?’ हा प्रश्नावलीतला सर्वांत सोपा वाटणारा प्रश्न आहे आणि तोच सर्वांत फसवा आहे. ज्या भाषेची शेजारीपाजारी टिंगल होते, ती बोलणारा माणूस परक्या माणसापुढे तिचं नाव घ्यायला कचरतो, हे जगभर आढळलेलं आहे. समोर पँट-शर्टातला तरुण, हातात फॉर्म, बाजूला सरपंच उभा. अशा वेळी ‘मराठी’ म्हणून मोकळं होणं सोयीचं असतं. रकाना भरतो, तक्ता जुळतो आणि अहवाल चुकतो.

हाच प्रश्न क्षेत्रकार्यात कसा विचारतात? तो विचारतच नाहीत, निदान पहिल्या काही दिवसांत तरी नाही. एका घराशी ओळख वाढवायची आणि त्या घरातल्या दिवसाची भाषावही ठेवायची. सकाळी सासू सुनेशी कोणत्या भाषेत बोलली? मजुरीला जाताना मुकादमाशी कोणत्या? कोरकू शेजारीण आली तेव्हा बोलणं कुठे वळलं? रेशनच्या दुकानात, अंगणवाडीत, मोबाइलवर? थोरला मुलगा धाकट्याला कशात रागावला? आजाऱ्यापुढे देवाला काय म्हटलं गेलं? महिनाभर अशी वही चार घरांत ठेवली, तर भाषा कोणत्या दारातून घराबाहेर चालली आहे, हे ती वही दाखवून देते.

दुसरं साधन वंशावळीचं. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १८९८ मध्ये टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर ते वापरलं आणि पुढे निलगिरीच्या तोडांवरच्या १९०६ च्या पुस्तकात त्याचा विस्तार केला. आई कोण, बाप कोण, भावंडं किती, कुणाचं लग्न कुठल्या गावी झालं, कोण वारलं, इतकंच विचारायचं. ‘तुमच्या समाजात विवाहाचे नियम काय आहेत?’ असं विचारलं तर पाठ केल्यासारखं उत्तर येतं. चाळीस लग्नांची नावं-गावं कागदावर मांडली की नियम आणि त्याचे अपवाद दोन्ही आपोआप दिसतात. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा आपला ग्रंथ लिहिताना देशभरातल्या नात्यांच्या संज्ञा आणि सोयरिकीच्या रीती गोळा केल्या, त्यामागे हीच शिस्त होती. वऱ्हाडातल्या कुठल्याही मुलाला आपल्या आजीसमोर बसून अशी वंशावळ काढता येते. पहिला सराव तिथेच व्हावा.

जळगाव जामोद तालुक्यातलंच दुसरं गाव घ्यावं. भेंडवळ. अक्षय तृतीयेला तिथे होणारी घटमांडणी विदर्भ-खान्देशातल्या कास्तकाराला सांगायला नको. चंद्रभान महाराज वाघ यांनी ही परंपरा सुरू केली आणि ती साडेतीनशे वर्षांची आहे, असं गावात सांगतात. आजही वाघ घराण्यातले लोकच ती पार पाडतात. संध्याकाळी गावाबाहेरच्या वावरात गोलाकार घट आखला जातो. कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, जवस, तीळ, करडी, सरकी अशी अठरा प्रकारची धान्यं वर्तुळात मांडतात. मधोमध खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी, भजी, वडा. पानसुपारी म्हणजे राजा आणि त्याची गादी. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या वेळी घटातले बदल पाहून पीकपाणी, पाऊस आणि राज्यकारभार यांचं भाकीत सांगितलं जातं. कोणता दाणा जागचा हलला, कोणतं ढेकूळ किती भिजलं, पान सरकलं का, यावरून.

वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी भाकीत छापून येतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते त्याच्या खरेपणाला आव्हान देतात, आणि ते आव्हान योग्यच आहे, कारण पेरणीचा निर्णय हा कर्जाचा निर्णय असतो. पण भाकीत खरं की खोटं, एवढ्यावर थांबलं तर पहाटेच्या अंधारात हजारो कास्तकार तिथे का जमतात, हे कळत नाही. क्षेत्रकार्य करणारा विद्यार्थी तिथे निराळ्या गोष्टी लिहील. रिंगणाच्या जवळ कोण उभं आहे आणि लांब कोण? बाया आल्या आहेत का? भाकीत ऐकताना कोण लिहून घेतं, कोण मोबाइलवर टिपतं, कोण नुसतं मान डोलावतं? परतीच्या जीपमध्ये काय बोलणं होतं? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जूनमध्ये त्याच माणसाच्या घरी पुन्हा जाऊन त्याने खरोखर काय पेरलं, हे पाहील. भाकीत ऐकून पेरा बदलला, की कृषी सेवा केंद्राच्या उधारीने तो आधीच ठरला होता? हे अक्षय तृतीयेच्या एका भेटीत कळणार नाही. वैशाखातली भेट आणि मृगातली भेट जोडली तरच श्रद्धा, कर्ज आणि पाऊस यांचं नातं हाती लागेल.

सहभागी निरीक्षण म्हणजे लोकांमध्ये जाऊन नुसतं पाहत बसणं नव्हे, हे मराठी वाचकाला इरावतीबाईंनीच दाखवून दिलं. त्या पंढरीच्या वाटेवर पालखीबरोबर चालल्या. त्या प्रवासावरचा त्यांचा लेख १९६२ मध्ये इंग्रजीतही आला. एकाच नामाचा गजर करत चालणारी दिंडी जेवायच्या वेळी जातीजातींत बसते, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना ते लागलं. मग त्या मराठा बायांच्या पंगतीला जेवल्या. त्यानंतर त्या बाया मोकळेपणाने बोलू लागल्या, हात धरून चालू लागल्या, आपल्या आयुष्यातलं सांगू लागल्या. प्रश्नावली नव्हती, मुलाखतीची वेळ ठरलेली नव्हती. जेवणाची एक जागा बदलली आणि संशोधकाला मिळणारी माहिती बदलली. ही गोष्ट पदवीच्या प्रत्येक मुलाला पहिल्या तासाला सांगण्यासारखी आहे.

घराच्या आत काय चाललं आहे, हे पाहण्याची गरज शेगाव तालुक्याने अलीकडेच सोसून दाखवली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडलं. पहिला संशय पाण्यावर गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे नमुने आणि घरातला गहू तपासून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. रसायनाची परीक्षा प्रयोगशाळेतच होणार. पण कोणतं धान्य कोणत्या महिन्यापासून शिजतं आहे, कोणत्या घरात वावरातली ज्वारी खातात आणि कोणत्या घरात रेशनचा गहू, पाहुण्याला काय वाढतात आणि घरच्या बाया शेवटी काय खातात, हे चुलीपाशी बसणाऱ्यालाच समजतं. आणि टक्कल पडलेल्या मुलीच्या आईला शेजारच्या गावातून काय ऐकावं लागलं, हे रक्ताच्या नमुन्यात येत नाही. आजार जसा शरीरात असतो तसा गावातही असतो.

एका बाबतीत मात्र विद्यार्थ्यांना आधीच थांबवलं पाहिजे. बुलढाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यात होळीच्या सुमारास मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते. मानसिक आजाराने ग्रासलेल्या माणसांना घेऊन कुटुंबं तिथे दुरून येतात. फील्ड प्रोजेक्टला विषय म्हणून हे ठिकाण कुणालाही खुणावेल. पण तिथे बेभान झालेल्या बाईचं छायाचित्र काढायचा हक्क कुणाचा? तिने संमती दिली, असं म्हणता येईल का? तिच्या भावाने दिली तर ती पुरेल का? संमती म्हणजे फॉर्मवरचा अंगठा नव्हे. काय विचारणार, का विचारणार, लिहिलेलं कुठे जाणार, नको असेल तेव्हा थांबता येईल, हे समोरच्याच्या भाषेत सांगणं म्हणजे संमती. ती देण्याच्या अवस्थेत माणूस नसेल, तर वही मिटायची. निहालांसारख्या लहान समाजात तर नाव बदललं तरी माणूस ओळखू येतो. सोनबर्डीतला अमुक वयाचा, अमुक काम करणारा म्हटलं की तालुक्याला तो कळतो. म्हणून काय लिहायचं नाही, हेही शिकवावं लागतं.

लिहिण्याचं म्हणाल, तर टिपणवही हा या कामाचा कणा आहे. दिवसा दोन-दोन शब्दांच्या खुणा आणि त्याच रात्री सविस्तर मजकूर. काय पाहिलं ते एका बाजूला, आपल्याला काय वाटलं ते दुसऱ्या बाजूला. उद्यावर टाकलं की निम्मं उडालं. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा या गावात राहून टिपणं केली होती. वर्षानुवर्षं छाननी करून नीट लावलेल्या त्या टिपणांच्या तिन्ही प्रती एप्रिल १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाल्या. त्यांनी आठवणीच्या बळावर ग्रंथ लिहिला, तो १९७६ मध्ये आला आणि आजही वाचला जातो. पण त्यांच्याइतकी स्मरणशक्ती आणि त्या गावाची इतकी जुनी ओळख सगळ्यांकडे नसते. विद्यार्थ्यांच्या वह्या दोन ठिकाणी जपल्या जाव्यात, ही त्यातून घ्यायची साधी शिकवण.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या सगळ्यासाठी बाहेरून विद्वान आणायची गरज नाही. गी पॉतवँ आणि हेमा राइरकर यांनी मुळशी-मावळच्या बाजूने जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी गावातल्या बायांनाच संग्राहक केलं. ओवी गाणारी आणि ओवी लिहून घेणारी एकाच जगण्यातल्या होत्या. त्या कामातून हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. छापील प्रश्नावली घेऊन कुणी पुण्याहून गेलं असतं, तर ‘ओव्या येतात का? होय / नाही’ एवढंच हाती आलं असतं.

जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, खामगावच्या महाविद्यालयांत शिकणारी कोरकू, भिलाला, निहाल मुलंमुली आज संशोधनाचा विषय आहेत. ती संशोधक व्हावीत. निहाली येणारी एक मुलगी प्रशिक्षण घेऊन आपल्याच वस्तीत वर्षभर वही ठेवील, तर आजवर झालेल्या सगळ्या नोंदींत नसलेलं काहीतरी ती लिहील. आपल्या घरात कोणतं बोलणं अभ्यासाला द्यायचं आणि कोणतं घरातच ठेवायचं, हेही तीच ठरवू शकेल.

कुलगुरू महोदय, म्हणून ही मागणी. बुलढाणा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांसाठी फील्ड प्रोजेक्ट एका दुपारचा राहू नये. प्रत्येक महाविद्यालयाने एक गाव निवडावं आणि किमान पाच वर्षं ते सोडू नये, म्हणजे दरवर्षीची तुकडी आधीच्या वह्या वाचून पुढे जाईल. गावात जाण्याआधी विद्यार्थ्यांना निरीक्षण, मुलाखत, वंशावळ, भाषावही, टिपणं आणि संमती यांचं प्रशिक्षण मिळावं. गुण देताना बांधीव अहवालापेक्षा टिपणवही आणि परतभेटी यांना वजन असावं. मराठी नसलेल्या वस्तीत काम करायचं असेल, तर तिथली भाषा जाणणारा सहसंशोधक गटात असावा आणि त्याच्या वेळेचा मोबदला त्याला मिळावा. तयार झालेला मजकूर आधी ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा आणि गावाने घेतलेले आक्षेप त्यात नोंदवावेत. निहाली, कोरकूचे आवाज ध्वनिमुद्रित झाले, तर त्यांची एक प्रत त्या वस्तीच्या शाळेत राहावी.

याला पैसा आणि माणसं लागतील, अशी अडचण सांगितली जाईल. अडचण खरी आहे. समाजशास्त्राच्या कित्येक जागा रिकाम्या आहेत, प्राध्यापकांवर कामाचा भार आहे. पण मुलं गावात तशीही जाणारच आहेत. गाडीभाडं, छपाई, बांधणी हा खर्च तसाही होणारच आहे. तोच खर्च एका गावावर, एका विषयावर, सलग काही वर्षं झाला तर त्यातून काही साठेल. जळगाव जामोदपासून आरंभ केला, तर हा प्रयोग पहिल्या वर्षी दोन-तीन महाविद्यालयांपुरता ठेवता येईल.

ज्यांचं नाव या विद्यापीठाला आहे, ते गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री त्याच गावात कीर्तनाला उभे राहत. कीर्तनातही ते उपदेशाची एकसुरी माळ लावत नसत, समोरच्यांना वऱ्हाडीतून प्रश्न विचारत आणि उत्तरासाठी थांबत. विद्यापीठाच्या मुलांनी गावात जाताना हीच रीत पाळावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

पुढच्या शैक्षणिक वर्षाचे आराखडे ठरण्याआधी समाजशास्त्र, मराठी आणि समाजकार्य या विषयांच्या अभ्यास मंडळांची एक संयुक्त बैठक आपण जळगाव जामोदमध्ये बोलवावी आणि त्या बैठकीला निहाल वस्तीतल्या दोन-चार जाणत्या माणसांना बरोबरीने बसवावं. गावाचा अभ्यास कसा करायचा, हे ठरवताना गाव तिथे हजर असलंच पाहिजे.

कळावे.